घरच्या वर्कशॉपसाठी भंगारातून हत्यारे आणि लोखंड घ्यावे, की तो घरात कचरा भरणे आहे?

तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात घराच्या पडवीत छोटे वर्कशॉप उभारत आहात, सगळी हत्यारे नवी घेणे झेपत नाही म्हणून भंगारवाल्याकडे पाहण्याचा विचार आहे आणि घरची मंडळी त्याला कचरा म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हाच वाद आमच्या घरी २०२१ पासून चालू असून विरुद्ध बाजूला माझे भावोजी आहेत, तेव्हा माझ्याकडून निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. पाणी ओसरल्यावर दुकानांसमोर गाळाने माखलेल्या सामानाचे ढीग लागले होते. ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने बाकावरचा मोठा व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा), उभे ड्रिल मशीन आणि जुन्या कानशींनी भरलेली एक पेटी रस्त्यावर काढून ठेवली होती आणि तो भंगाराच्या टेम्पोची वाट पाहत होता. टेम्पोवाला किलोमागे जे देणार होता तेच मी दिले आणि ते सामान आमच्या रिकाम्या गोठ्यात आणून टाकले. गणपतीला भावोजी आले, गोठ्यात डोकावले आणि आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "पुरात बुडालेले मशीन म्हणजे मेलेले मशीन. हा कचरा विकत आणणारा तू पहिलाच." भावोजींनी आयुष्य एका मोठ्या कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात घालवले आहे आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही, परंतु कारखान्यात बेअरिंगने आवाज केला की अख्खी मोटर बदलतात, कारण तिथे यंत्र थांबल्याच्या प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. घरच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल पावसाळाभर उघडे पडले तरी कोणाचे काही अडत नाही. कारखान्याचा हिशेब गोठ्याला लावला की कोणतीही जुनी वस्तू कचराच दिसणार.

आधी व्हाइसबद्दल सांगतो, कारण भंगारात घेण्यासारखी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. त्याचे धड बहुधा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते, आणि बिडाला गंजापेक्षा तड्याची भीती जास्त. म्हणून गंजाकडे दुर्लक्ष करून आधी तडा शोधावा. लहान हातोडीने टकटक केल्यास अखंड बीड खणखणीत वाजते, तडकलेले बद्द वाजते. शंका उरल्यास त्या जागेवर रॉकेल किंवा डिझेल लावून थोड्या वेळाने पुसून कोरडे करावे आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर बारीक ओली रेघ उमटते. जबड्यांच्या पट्ट्या झिजलेल्या असतील तर त्या नव्या करता येतात. पण दांडी बरीच फिरवूनही जबडा जागचा हलत नसेल, तर आतला नट खाल्लेला आहे असे समजून भाव पाडावा. धडालाच तडा असेल तर फुकटही घेऊ नये, कारण बिडाचे वेल्डिंग निकेलच्या रॉडने आणि तापवून केले तरी भरवशाचे होईलच असे नाही.

माझ्या व्हाइसचा स्क्रू गाळाने आणि गंजाने जाम बसला होता. अशा वेळी दांडीत पाइप घालून जोर लावण्याची इच्छा सगळ्यांना होते आणि त्यात दांडी वाकते. मी तो डिझेलमध्ये भिजत ठेवला आणि नंतर सोड्याच्या पाण्यात विजेने गंज काढला. प्लास्टिकचा टब, पाण्यात धुण्याचा सोडा, एका बाजूला साधा लोखंडी पत्रा आणि बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर एवढ्यावर हे काम होते. चार्जरची उणे तार गंजलेल्या वस्तूला आणि अधिक तार पत्र्याला जोडावी. वस्तू आणि पत्रा एकमेकांना टेकू देऊ नयेत. गंज मऊ, काळा होऊन ब्रशने निघतो आणि खालचे चांगले लोखंड खाल्ले जात नाही. टब उघड्यावर ठेवावा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो, आणि पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. पाने, पकडी अशा लहान वस्तूंना एवढा खटाटोप नको. त्या चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या तरी पुरते, मात्र नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच तेल लावावे. व्हाइस सुटला तेव्हा स्क्रूच्या चौकोनी आट्यांच्या तळाशी जुन्या ग्रीसचा पिवळा थर जसाच्या तसा होता. पुराचे पाणी तिथवर पोहोचलेच नव्हते. तो थर मी भावोजींना पुढच्या गणपतीत दाखवला. त्यांनी तो बोटाने खरवडून पाहिला आणि विषय बदलला.

ड्रिलच्या मोटरच्या बाबतीत मात्र त्यांचे अर्धे खरे आहे, हे मी इथे मान्य करतो. त्यांच्यासमोर केलेले नाही. पुरातून आलेली मोटर "चालते का बघू" म्हणून प्लगला लावणे हा जिवाशी खेळ आहे. ती पूर्ण उघडावी, गाळ गोड्या पाण्याने धुऊन काढावा, कपॅसिटर सरळ नवा घालावा आणि वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी, अनेक दिवस उन्हात किंवा बल्बच्या उबेत वाळवावे. बेअरिंगही नवीच घालावीत. कड्यावर कोरलेला क्रमांक वाचून दाखवला की कोणत्याही तालुक्याच्या गावी तशीच मिळतात. त्यानंतर रिवाइंडिंगवाल्याकडे पाचशे व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासणी करून घ्यावी आणि वाइंडिंग व बॉडी यांच्यातला रोध एक मेगओहमपेक्षा कमी आला तर पुन्हा वाळवावे, नाहीतर रिवाइंडिंग करावे. अर्थिंगशिवाय ती कधीही चालवू नये. माझी मोटर वाळली आणि चालली. ती वाळली नसती तर मी नवी बसवली असती, कारण ड्रिलचा खांब, टेबल आणि पाते धरणारा चक हीच त्यातली खरी दौलत होती. मेलेल्या मशीनचा सिद्धांत इथे कोसळतो, असे मला वाटते. मोटर गेली म्हणजे मशीन गेले नाही.

आता लोखंडाबद्दल, तेही तुम्ही विचारले होते. झिजलेली कानस टाकू नये. ती उच्च कार्बनच्या पोलादाची असते आणि तिची उत्तम पटाशी, स्क्रेपर किंवा आखणीची सुरी होते. ग्राइंडरवर घासताना ती सारखी पाण्यात बुडवावी. चकचकीत केलेल्या कडेवर फिकट पिवळा रंग दिसला तर अजून चालते, निळा रंग आला की तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे धार टिकणार नाही. ट्रकच्या कमानीचा पाटा कोयत्यासाठी लोहार पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत, पण जिथे पाटा तुटला आहे त्याच्या आसपासचा तुकडा घेऊ नये, कारण तिथे न दिसणारे तडे असतात. कोणता तुकडा काय आहे हे ठिणगीवरून ओळखता येते: साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात, बिडाच्या तांबूस आणि आखूड असतात. भंगारवाल्याकडे ग्राइंडर असतोच. विचारले तर तो घासून दाखवतो.

मिरकरवाडा किंवा हर्णै यांसारख्या बंदरांजवळ राहत असाल तर बोटींच्या भंगाराकडे अवश्य लक्ष ठेवा. जुना स्टेनलेसचा शाफ्ट आणि बोटीच्या तुटलेल्या पंख्याचा गनमेटलचा (काशाच्या जातीच्या धातूचा) तुकडा बुश, म्हणजे शाफ्टभोवतीचे नळकांडे, करायला मिळणे ही चैन घाटावरच्या लोकांना सहज मिळत नाही. मात्र खाऱ्या पाण्यातले साधे लोखंड घासून रंगवले तरी खळग्यांत मीठ राहते आणि गंज रंगाखालून फुगून वर येतो. ते गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, पाणी बदलून मगच वापरावे. आणि कितीही चांगली वस्तू असली तरी आगोटीच्या वेळी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, तिला ग्रीस फासले नाही, तर आपल्याकडचा पाऊस आणि खारे वारे दसऱ्यापर्यंत तिचे पुन्हा भंगार करतात. खोबरेल लावू नये; ते पुढे खवट आणि चिकट होते.

परवडते का, याचे सरळ उत्तर असे की व्हाइस, घण, पाने, पकडी, क्लॅम्प, अँगल आणि पट्टी यांत निश्चित परवडते. ड्रिलची पाती, ग्राइंडरचे दगड आणि विजेच्या वायरी यांत परवडत नाही, त्या नव्याच घ्याव्यात. पडलेला ग्राइंडिंग दगड फिरताना फुटतो, आणि त्यात वाचवलेले पैसे डोळ्याच्या डॉक्टरकडे जातात. घरच्यांना उत्तर द्यायचे असेल तर पडवीतील एक भिंत ठरवून घ्या आणि तिच्याबाहेर एक तुकडाही ठेवू नका. आमच्या घरी या अटीवर आई माझ्या बाजूला आली आणि भावोजी एकटे पडले.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. बंद पिंप, गॅसची टाकी किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर कापू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातली वाफही स्फोटाला पुरते. जस्ताचा मुलामा असलेले पाइप आणि पत्रे आपल्याकडे सर्वत्र पडलेले असतात, पण ते वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो. जोडाच्या जागेचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे. ऐरणीसाठी रुळाचा तुकडा सगळे सुचवतात आणि तो खरोखर छान असतो, पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तुकडा रीतसर मिळाला हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. भंगारवाला पावती देत नसेल तर रूळ तिथेच ठेवा आणि ट्रकच्या अॅक्सलचा जाड तुकडा लाकडाच्या ओंडक्यात उभा बसवून घ्या. घरच्या कामाला तो पुरून उरतो.