इबोगेननं गर्द सुटते का, आणि ते बाहेरून मागवता येते का?

भावाचं गर्द सुटावं म्हणून इबोगेनची पावडर बाहेरून मागवू का, कायद्यात बसते का, असं तुम्ही विचारून राहिले. माझाही लहान भाऊ गर्दवर होता, इथं नागपुरात मी रात्र रात्र जागून हेच वाचायचो, म्हणून लिहितो.

इबोगेन निघते ते इबोगापासून, हे मध्य आफ्रिकेतलं झुडूप. गॅबॉनमध्ये ब्विती पंथाचे लोक दीक्षा घेताना त्याच्या मुळाची साल खातात. व्यसनाशी संबंध लागला १९६२ मध्ये, न्यूयॉर्कचा हॉवर्ड लॉट्सॉफ तेव्हा १९ वर्षांचा होता, हेरॉइन घ्यायचा (गर्द म्हणजे त्याचंच अशुद्ध रूप), त्यानं नशेसाठी म्हणून हे घेऊन पाहिलं आणि उतरल्यावर पाहते तर तलफच नाही, विड्रॉलचा, म्हणजे नशा बंद केल्यावर अंगाला होणारा, त्रास पण नाही. १९८५ मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण अमेरिकेनं १९७० मध्येच हे शेड्यूल एकमध्ये टाकलं होतं, म्हणजे डॉक्टरनं लिहून द्यायलाही बंदी, फक्त परवानगी घेऊन संशोधन करता येते. मेक्सिकोत क्लिनिक चालतात, न्यूझीलंडमध्ये डॉक्टर लिहून देऊ शकतात, २०२५ मध्ये टेक्सासनं ट्रायलसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले. भारतात हे मान्यता असलेलं औषध नाही, त्यामुळं कोणी घरी देतो म्हणत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.

आता महत्त्वाचं. हे हृदयावर जातं. ठोक्यांची लय बिघडते, इसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि माणूस झोपेतसुद्धा जाऊ शकतो. १९९० ते २००८ मधल्या १९ मृत्यूंचा अभ्यास छापून आला आहे, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीच हृदयाचा त्रास होता किंवा अंगात दुसरी नशा होती. हे वाचलं त्या रात्री मी भावाच्या खाटेजवळ बसून राहिलो, कारण तो गर्दसोबत झोपेच्या गोळ्याही घ्यायचा. आणि हो, आपल्या अंगणातली तगर याच कुळातली आहे म्हणून कोणी तिचा काढा सुचवेल, अजिबात देऊ नका.

आमचं काम झालं ते ब्युप्रेनॉर्फिननं. गर्दची तलफ आणि विड्रॉल दाबणारी, जिभेखाली ठेवायची गोळी, व्यसनमुक्ती केंद्रात समोर बसवून देतात, सुरुवातीला रोज जावं लागते, घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो, मधात एकदा तो परत घसरला पण होता, तरी पुन्हा सुरू केली. भावाला आज काय काय चालू आहे ते कागदावर लिहून घ्या, झोपेच्या गोळ्या असतील तर त्याही लिहा, आणि १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र तेच सांगतील.