खिडकी उघडी असते, तरी काळजी वाटते

ताई, सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं दोन खोल्यांचं घर आहे. मला पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. सासरे, म्हणजे मामा, दिवसभर घरात विड्या ओढतात, मालकही रात्री एखादी ओढतात. मी पदर नाकाला लावला की आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणतात, "विड्या वळत मी तीन पोरं वाढवली, काही झालं नाही. खिडकी उघडी आहे की." खरंच बाळाला काही होतं का? आणि मामांना मी कसं बोलू?

बाळा, होतं. घरातले सगळे "काही होत नाही" म्हणायला लागले की आपणच बाऊ करतोय असं वाटतं. तू बाऊ करत नाहीस.

विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड तुझ्या रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, आणि निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. त्यामुळे बाळाचं वजन कमी भरू शकतं. २.५ किलोच्या आतलं बाळ नाजूक असतं. त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो, दूध ओढायलाही ताकद पुरत नाही. बाळ पोटातच दगावण्याचा धोकाही या धुरानं वाढतो. जन्मानंतर त्याच हवेत राहिलं तर न्यूमोनिया, कानाचं दुखणं, दमा, आणि झोपेतच अचानक दगावणं, या सगळ्यांची भीती वाढते. वाढते म्हणजे होणारच असं नाही, हेही नीट ध्यानात ठेव. आजपासून धूर थांबला तर पुढचे चार महिने बाळाच्या वाढीचेच आहेत.

आत्यांची तिन्ही मुलं धडधाकट निघाली, फार चांगलं झालं. पण सगळ्याच घरांत तसं होत नाही.

खिडकीचं म्हणशील, तर मामांची चादर उद्या सकाळी नाकाशी धरून बघ. विडी रात्रीच विझलेली असते, वास मात्र चादरीत तसाच असतो. खिडकीनं किंवा पंख्यानं धूर थोडा विरतो, जात नाही. तो गोधडीत, पडद्यात, सदऱ्यात मुरतो, आणि उद्या बाळ त्याच गोधडीवर झोपणार.

आता बोलण्याचं. मामांशी तू बोलू नकोस. सुनेनं सांगितलं की विषय विडीचा न राहता मानपानाचा होतो. हे काम तुझ्या नवऱ्याचं आहे, आणि बापाला सांगण्याआधी त्यानं स्वतःची रात्रीची विडी दाराबाहेरच्या ओट्यावर न्यायला हवी. पुढच्या तपासणीला त्याला सोबत ने, डॉक्टरांना त्याच्यासमोरच विचार. आशाताई घरी येत असतील तर मामा असताना बोलाव. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सोडा म्हटलं तर मामा चिडतील. "घरात नको, बाहेर ओढा" एवढंच मागा. ओट्यावर त्यांची खुर्ची टाका, थोटकांना एक डबा ठेवा. आत आल्यावर हात-तोंड धुवायचं, आणि बाळ झालं की सदरा बदलूनच त्याला घ्यायचं. नवऱ्याला पुरतीच सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट मदत मिळते.

आत्यांचं विड्या वळणं ही घरची भाकरी आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. विड्या वळायचं सूप मात्र त्यांनी तुझ्यापासून लांब, दाराशी घेऊन बसावं. तंबाखूची भुकटी श्वासातून आत जाते. तू सध्या वळायला हात लावू नकोस.

बाळंतपणाला माहेरी गेलीस की तिथं कुणी बाळाला ओवा-शेपाची धुरी द्यायला निघेल. मायेनंच देतील, तरी नको म्हण. कोवळ्या छातीला तोही धूरच.

आणि तू बाळाला घेऊन परत यायच्या आधी घरातल्या गोधड्या, पडदे आणि मामांची ती चादर गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायला नवऱ्याला सांग.