आउटलाइन नको म्हणणारा मुलगा

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वर्षभर एकच कार्टून चाललंय, सामुराय जॅक. दुसरं काही लावलं तरी पाच मिनिटांत परत तेच. तेही एक वेळ ठीक, पण आता चित्र काढताना तो आउटलाइनच काढत नाही, डायरेक्ट रंगाचे मोठे मोठे तुकडे भरतो, आकाश लाल, झाडं काळीकुट्ट. ड्रॉइंगच्या टीचर म्हणाल्या की कार्टूनने नजर बिघडलीय, आधी ते बंद करा. करू का बंद?

उत्तर : नका हो करू! पत्र वाचून मला किती आनंद झाला सांगू, कारण त्या कार्टूनमधली सगळ्यात खास गोष्ट तुमच्या मुलाने कोणी न सांगता हेरलीय. गेन्डी टार्टाकोव्स्की यांनी २००१ मध्ये ही मालिका आणली तेव्हा पात्रांभोवतीची काळी रेघ जवळपास काढूनच टाकली होती. खूप जण वर्षानुवर्षं बघतात आणि तरी हे लक्षात येत नाही, आणि तुमचा पोरगा ते बघून, समजून, स्वतःच्या कागदावर करून पाहतोय.

ही रेघ मुळात असते कशाला ते बघा. पूर्वी कार्टूनची चित्रं पारदर्शक शीटवर हाताने काढायचे, पुढून शाईची रेघ आणि मागून रंग, आणि पात्र बॅकग्राउंडमध्ये मिसळून जाऊ नये हे काम ती रेघ करायची. रेघ काढून टाकली की ते सगळं काम रंगावर येऊन पडतं. कुठला रंग गडद, कुठला फिका, कशापुढे काय ठेवलं की उठून दिसेल, हे प्रत्येक वेळी ठरवावंच लागतं, म्हणून तर जॅकचा झगा पांढरा आहे आणि मागचा प्रसंग कितीही अंधारा असला तरी तो लगेच सापडतो. आता लाल आकाशापुढे काळी झाडं आठवा. मला तर तिथे बिघडलेली नजर कुठेच दिसत नाही, तो विचार करून रंग लावतोय.

टीचरचं एक म्हणणं मात्र मला पटतं, पेन्सिलवर हात बसायला हवा. पण त्यासाठी आवडती गोष्ट काढून घ्यायची गरज नाही, दोन वेगळ्या वह्या करा, एक रेघेची आणि एक त्याच्या रंगांची, आणि रंगांच्या वहीत कोणी सुधारणा करायची नाही, तुम्हीसुद्धा नाही.

आणि त्याच्याबरोबर बसून बघा. मध्येच पॉज करा आणि दोघं डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघा, तपशील पुसट होतात आणि फक्त गडद-फिके आकार उरतात, चित्रकार वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मग विचारा, आधी कुठे नजर गेली? का गेली? 'छान आहे ना' असं नका विचारू, त्यावर मुलं फक्त हो म्हणतात. त्या मालिकेत कितीतरी वेळ कोणी बोलतच नाही, नुसता वारा नाहीतर पावलं ऐकू येतात, तेही त्याला ऐकून सांगू दे.

पुढची पायरी म्हणजे त्याला डिस्नेचा 'बॅम्बी' हा हरणाच्या पाडसाचा कार्टून सिनेमा दाखवा, १९४२ चा. त्यातलं जंगल टायरस वाँग या चिनी-अमेरिकन चित्रकाराच्या कल्पनेतून आलंय. पानन् पान काढलं तर हरणं त्यात हरवणार, म्हणून त्यांनी धुकं, दोन-चार खोडं आणि थोडा उजेड एवढ्यावरच जंगल उभं केलं, आणि ही नजर त्यांच्याकडे चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळातल्या निसर्गचित्रांमधून आली होती. म्हणजे एका कार्टूनचा धागा धरून नऊ वर्षांचा मुलगा जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांपर्यंत पोचू शकतो!

एक सांभाळा, २०१७ मध्ये आलेला जॅकचा पाचवा सीझन मोठ्यांसाठी आहे, रक्तपात बराच आहे, तो आत्ता नको.

प्रश्न : मी डिझाइन शिकतेय. लहानपणी टॉम अँड जेरी इतकं पाहिलं की आजही धसमुसळं, भरभर बदलणारं संगीतच आवडतं. ही माझी आवड की नुसती सवय?

उत्तर : थोडी सवय आहेच. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. पण तू ऐकलेलं संगीत साधंसुधं नव्हतं गं, टॉम अँड जेरीचे संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी त्या पळापळीत जॅझ तर घातलंच, शिवाय ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गचं बारा सुरांचं तंत्रसुद्धा (सप्तकातल्या बाराही सुरांना सारखाच मान देणारं) वापरलं, जे मैफलीत ऐकताना भल्याभल्यांना जड जातं. एक एपिसोड लाव, स्क्रीनकडे पाठ कर आणि नुसतं ऐक. चित्राशिवायही पूर्ण ऐकावंसं वाटलं तर ती आवड तुझीच, मग ब्रॅडलींनंतर थेट शोनबर्ग ऐकायला घे, आणि काय वाटलं ते मला नक्की लिही.