तुमचे प्रश्न: ‘टॉप मॉडेल’ म्हणजे नेमकं कोणतं?

प्रश्न: बजेट नऊ-दहा लाख, हवी पेट्रोल गाडी. एका शोरूमने ‘झीटा’चं कोटेशन दिलं, दुसऱ्याने ‘व्हीएक्सआय’चं, तिसऱ्याने ‘प्युअर एस’चं आणि टोयोटावाल्याने नुसतं ‘जी’चं. यातली कोणती कोणाच्या तोडीची? (सांगली)

उत्तर: तोडीची म्हणून एकही नाही. प्रत्येक कंपनीची शिडी वेगळी आहे, हे आधी गृहीत धरा. गाडीच्या पूर्ण नावाचे तीन तुकडे पडतात: गाडी कोणती, व्हेरिएंट कोणतं आणि इंजिन-गिअरबॉक्स कोणता. गोंधळ बहुतेक मधल्या तुकड्यात असतो.

मारुतीच्या अरिना शोरूममध्ये शिडी अशी चढते: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लस. त्याच कंपनीच्या नेक्सा शोरूममध्ये सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा. ही ग्रीक अक्षरं आहेत, पण क्रम ग्रीक नाही. सिग्मा अठरावं अक्षर, डेल्टा चौथं, झीटा सहावं, अल्फा पहिलं. तेव्हा वर्णमाला आठवत बसू नका; सिग्मा सगळ्यात खाली, अल्फा सगळ्यात वर, एवढं पाठ करा.

ह्युंदाईच्या आय२०मध्ये एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, अस्टा. क्रेटात मात्र ई, ईएक्स, एस, एसएक्स. कियाकडे एचटीई, एचटीके, एचटीएक्स. टाटांनी २०२३च्या नव्या नेक्सॉनपासून एक्सई, एक्सएम, एक्सझेड ही जुनी अक्षरं सोडून स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस असे शब्द घेतले. टोयोटा ग्लान्झात ई, एस, जी, व्ही.

एकाच अक्षराने कसं फसायला होतं ते ‘व्ही’वरून बघा. ग्लान्झात व्ही म्हणजे सगळ्यात वरची गाडी. मारुतीत व्ही म्हणजे दुसरी पायरी. होंडा सिटीत एसव्ही, व्ही, व्हीएक्स, झेडएक्स अशी चढण, म्हणजे तिथेही व्ही खालून दुसरा. ‘एस’चे हाल तर विचारूच नका: क्रेटात आणि ग्लान्झात ती एक पायरी, स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये सर्वांत खालची गाडी आणि टाटांच्या प्युअर एस किंवा स्मार्ट प्लस एस या नावांत ‘एस’ म्हणजे सनरूफ.

म्हणून तुलना नावांची करू नका. कागदावर स्वतःला खरोखर लागणाऱ्या सात-आठ गोष्टी लिहा: एअरबॅग किती, मागच्या सीटला तीन हेडरेस्ट आहेत का, मागे वायपर, मागे एसीची झडप, ड्रायव्हर सीट वरखाली होते का, मागचा कॅमेरा, चाकाचा आकार. मग प्रत्येक ब्रोशरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता उघडा आणि ही यादी पूर्ण होणारं सगळ्यात स्वस्त व्हेरिएंट शोधा. कोणत्या कंपनीत ते दुसऱ्या पायरीवर सापडेल, कोणत्यात चौथ्या. विक्रेता ‘वन बिलो टॉप’ म्हणाला तरी हाच तक्ता समोर ठेवायचा.

प्रश्न: महिंद्रा ३एक्सओ बघितली. एएक्स७ महाग, तरी तिच्यात ॲडास नाही. एएक्स५एल स्वस्त आणि तिच्यात आहे. ब्रोशर छापताना चूक झाली आहे का? (नाशिक)

उत्तर: चूक नाही. इथे आकडा ही एक शिडी आहे आणि ‘एल’ ही तिच्या शेजारी लावलेली दुसरी. एएक्स७ला पॅनोरमिक सनरूफसारख्या आरामाच्या गोष्टी मिळतात. पुढचं वाहन ओळखून ब्रेक लावणारं ॲडास मात्र ‘एल’सोबत येतं, मग ती एएक्स५एल असो वा एएक्स७एल. २०२४मध्ये गाडी आली तेव्हा टर्बो पेट्रोल मॅन्युअलमध्ये एएक्स५एल ११.९९ लाखांना होती आणि एएक्स७ १२.४९ लाखांना.

शेपटीला लागणाऱ्या खुणांचा अर्थ गाडीगणिक बदलतो. ‘(ओ)’ म्हणजे ऑप्शनल, पण क्रेटाची एसएक्स (ओ) ही एसएक्सच्या वरची स्वतंत्र पायरी आहे. बोलेरो निओच्या एन१० (ओ)मध्ये मागच्या ॲक्सलला लॉक होणारं डिफरन्शिअल मिळतं, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद मिळते. शेतरस्त्यावर, चिखलात एक चाक अधांतरी फिरायला लागलं की त्याची किंमत कळते. इनोव्हा हायक्रॉस बाजारात आली तेव्हा तिचं ॲडास फक्त झेडएक्स (ओ)मध्ये होतं.

‘प्लस’चंही तसंच. फ्रॉन्क्स डेल्टा प्लस म्हणजे डेल्टावर एलईडी दिवे, ॲलॉय चाकं अशी भर. पण ग्रँड विटारात झीटा प्लस आणि अल्फा प्लस म्हणजे थेट स्ट्राँग हायब्रिड, पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड: इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. एका ‘प्लस’ने दिवे बदलतात, दुसऱ्याने बॉनेटखालची अख्खी यंत्रणा. डार्क, नाइट अशा ‘एडिशन’मध्ये मात्र बहुधा रंग आणि सीटचं कापड एवढाच फरक असतो. काळ्या रंगासाठी जास्तीचे पैसे मोजायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं मत, त्याच पैशांत चांगले टायर येतात.

प्रश्न: ‘आयएमटी’ म्हणजे ऑटोमॅटिकच ना? (ठाणे)

उत्तर: नाही. क्लचचं पेडल नसतं, पण गिअर हातानेच टाकावा लागतो. गर्दीत डाव्या पायाला विश्रांती, डाव्या हाताला नाही. एजीएस हे मारुतीच्या एएमटीचं नाव: मॅन्युअल गिअरबॉक्सलाच यंत्राने क्लच आणि गिअर हाताळायची सोय. स्वस्त पडते, पण गिअर बदलताना हलका झटका जाणवतो. ह्युंदाईची आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी, ठरावीक गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिच्यात झटका नाही. डीसीटी, टाटांची डीसीए आणि फोक्सवॅगनची डीएसजी ही तिन्ही दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सची नावं. चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा ती चढावर थांबवून पुन्हा हलवून बघा. सपाट रस्त्यावर सगळ्याच गोड चालतात.

प्रश्न: गावी वडिलांसाठी ‘स्कॉर्पिओ’ आणि इथे आमच्यासाठी ‘इनोव्हा’ बघतोय. दोन्हींची दोन-दोन नावं का? (पनवेल)

उत्तर: कारण गाड्याच दोन-दोन आहेत. स्कॉर्पिओ एन २०२२मध्ये आली आणि जुनी गाडी ‘क्लासिक’ नावाने चालू राहिली. क्लासिक फक्त डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी. एनमध्ये पेट्रोल आहे आणि काही व्हेरिएंटना फोर बाय फोरही. इनोव्हा क्रिस्टा म्हणजे डिझेल, चासीवर उभी, मागची चाकं ओढणारी. हायक्रॉस म्हणजे पेट्रोल किंवा हायब्रिड, कारसारखी एकसंध बांधणी, पुढची चाकं ओढणारी. सुटे भाग, सर्व्हिस, पुनर्विक्री, सगळंच वेगळं.

याच्या उलट प्रकारही आहे: नावं दोन, गाडी एक. बलेनो आणि ग्लान्झा, फ्रॉन्क्स आणि टायसर, अर्टिगा आणि रुमिऑन ही जुळी भावंडं. तिथे फरक शोधायचा तो सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, कोणत्या व्हेरिएंटला काय मिळतं आणि गाडी हाती यायला किती आठवडे, यात. एक खबरदारी: ‘अर्बन क्रूझर’ नुसतं ऐकून पुढे जाऊ नका. २०२०मध्ये आलेली अर्बन क्रूझर ही विटारा ब्रेझाची जुळी होती. आता हेच नाव हायरायडर आणि टायसर या वेगळ्या गाड्यांच्या पुढे लागतं.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, ‘पंधरा हजारच जास्त, वरचं व्हेरिएंट घ्या.’ किंमत ९.९५ लाखांवरून १०.१० लाख होते. घ्यावं का? (पुणे)

उत्तर: पंधरा हजारांत ते होत नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी कर लागतो, आणि तो वरच्या पंधरा हजारांवर नव्हे, पूर्ण किमतीवर. म्हणजे १,०९,४५० रुपयांऐवजी १,२१,२०० रुपये. शिवाय दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच तुमच्याकडून घ्यायचा प्राप्तिकर, इथे १०,१०० रुपये. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आत्ता खिशातून जातोच. फरक ३६,८५० रुपयांचा झाला, विम्याची थोडी वाढ वेगळीच. त्या व्हेरिएंटमध्ये जास्तीचे एअरबॅग असतील तर द्या, सनरूफच असेल तर जाऊ द्या.

बुकिंगच्या पावतीवर गाडी, व्हेरिएंट, त्याची शेपटी, इंधन, गिअरबॉक्स, रंग आणि उत्पादनाचं वर्ष असं सगळं लिहून घ्या. ‘नेक्सॉन पेट्रोल’ एवढंच लिहिलेल्या पावतीवर भांडता येत नाही. पासिंगच्या आधी टॅक्स इन्व्हॉइस आणि फॉर्म २१ (विक्रीचं प्रमाणपत्र) वाचा. फॉर्म २१वर उत्पादनाचा महिना, वर्ष आणि चासी नंबर असतो. तो नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. विमा पॉलिसीत व्हेरिएंट खालचं पडलं तर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कमी धरली जाते आणि चोरी किंवा पूर्ण नुकसानीच्या वेळी तेवढे पैसे कमी हातात येतात.

प्रश्न: २०१६ची वॅगन आर बघितली. मालक म्हणतो व्हीएक्सआय (ओ). मागे तर नुसतं व्हीएक्सआय लिहिलंय. त्या ‘(ओ)’ने काय बिघडतं? (रत्नागिरी)

उत्तर: बरंच. त्या काळात मारुतीच्या छोट्या गाड्यांत ‘(ओ)’ म्हणजे एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९पासून. त्याआधीच्या गाडीत या दोन्ही गोष्टी आहेत की नाहीत, हे शेपटीतल्या एका अक्षरावर ठरत होतं.

मागची पट्टी पुरावा नाही, ती बाजारात सुटी मिळते. आरसीवरचं मॉडेलचं नाव आणि जुनी विमा पॉलिसी बघा. मग गाडीत बसा. स्टिअरिंगच्या मधल्या भागावर आणि डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं कोरलेली आहेत का पाहा. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका: एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर एकतर ती यंत्रणा गाडीत नाही, किंवा बिघाड लपवायला कोणीतरी दिवा काढलाय. लागून तसेच राहिले तर बिघाड आहे. शेवटी चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. कारखान्यातून कोणतं व्हेरिएंट बाहेर पडलं ते त्यांच्या नोंदीत असतं. मालक चासी नंबर द्यायला कां-कूं करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.