बीपीची पहिली चिठ्ठी लिहिताना

नव्याने ओपीडीत बसताय ना? मग आधी आकड्यावर शंका घ्या, औषध नंतर. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेका, हात हृदयाच्या पातळीवर. जाड दंडाला लहान कफ (मशीनचा पट्टा) लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. १४५/९२ एकदाच दिसलं म्हणून गोळी सुरू करू नका. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. १८०/११० च्या वर असेल तर मात्र वाट पाहत बसू नका.

सुरुवातीला तीनच औषधं नीट ओळखा: अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, क्लोरथॅलिडोन (लघवीची गोळी) १२.५ मिग्रॅ. बाकीची यादी सध्या बाजूला राहू द्या.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- चार दिवसांत डोस वाढवणं. अ‍ॅम्लोडिपिन रक्तात स्थिरावायलाच आठवडा लागतो. तक्रार नसेल तर चार आठवड्यांनी बघा.
- एकाच गोळीचा डोस ताणत नेणं. दोन औषधं कमी डोसात बहुधा जास्त काम करतात, त्रासही कमी.
- अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज आली की लघवीची गोळी जोडणं. ही सूज त्याने फारशी उतरत नाही. डोस कमी करा किंवा टेल्मिसार्टन जोडा.
- रॅमिप्रिल (हेही बीपीचंच औषध) आणि टेल्मिसार्टन एकत्र देणं. कधीच नको.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासा. गर्भवतीला टेल्मिसार्टन अजिबात चालत नाही, म्हणून तरुण स्त्रीला आधी विचारा. आणि औषध लागू पडत नसेल तर डोस वाढवण्याआधी दोन प्रश्न: गोळ्या रोज घेता का? सांधेदुखीसाठी पेनकिलर चालू आहे का? उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.