सांगून निघू की न सांगता?

प्रश्न : ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. मारहाण अधूनमधून होते, मग तो रडून माफी मागतो. गेल्या महिन्यात त्याने गळा दाबला. वळ उठला नाही, म्हणून कुणाला बोलले नाही. आता मुलीला घेऊन बाहेर पडायचं ठरवलंय. पण चोरासारखं निघून जाणं पटत नाही. समोर बसवून शांतपणे सांगावं का?

उत्तर : नको. तुझा सरळपणा मला कळतो, पण इथे तो बाजूला ठेव. बायको निघतेय याचा सुगावा लागल्यापासूनचे दिवस सगळ्यांत धोक्याचे. मीही सांगूनच निघाले होते. दाराला कडी लागली, आणि मग बाहेर पडायला चार महिने लागले.

गळा दाबल्याचं तू एका ओळीत उरकलंस. मी तिथेच अडकले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबला असेल तर पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त दिसली. आतली इजा वळाशिवायही होते. आवाज बदललाय, गिळताना दुखतंय, असं काही असेल तर डॉक्टरांना खरं कारण सांग. त्याची नोंद पुढे पुरावा म्हणूनही कामाला येते.

फोनचं म्हणशील, तर एकदम पासवर्ड बदलू नकोस, त्याला लगेच संशय येईल. चौकशी, हेल्पलाइनला फोन, सगळं मैत्रिणीच्या फोनवरून. मुलीच्या टॅबवरूनही तुमचा ठावठिकाणा कळू शकतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कागदपत्रांचे आधी फक्त फोटो काढ आणि ते मैत्रिणीकडेच ठेव. मूळ कागद निघायच्या दिवशी उचल. कपड्यांची पिशवीही तिच्याकडेच. तिच्याशी एक वाक्य ठरव, ‘माझं पुस्तक कधी देतेस?’ असं काहीतरी साधं. ते ऐकलं की तिने पोलिसांना बोलवायचं.

भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात अडकू नकोस, दाराजवळ राहा. मुलीला बेत आधी सांगू नकोस, लेकरं बोलून जातात. ‘मध्ये पडायचं नाही, शेजारी पळायचं’ एवढंच तिला शिकव.

त्याला जे सांगायचंय ते नंतर वकिलामार्फत सांगता येईल. तुझ्या पत्रातले तपशील मी बदललेत, तरी हे पान घरात उघडं ठेवू नकोस.