बाबांसाठी गाव शोधताय की फ्लॅटसाठी गिऱ्हाईक?

प्रश्न : वडील मार्चमध्ये राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त होत आहेत. बरीच वर्षं कर्जविभाग आणि इन्स्पेक्शनमध्ये काढली. रिकामं बसणं त्यांना जमणार नाही. डोंबिवलीचा फ्लॅट विकून आईबाबांना नाशिक, सातारा किंवा रत्नागिरीला हलवायचं म्हणतोय. साठीनंतर नोकरी यांपैकी कुठे सहज मिळेल? फ्लॅटच्या पैशातून माझं पुण्यातल्या खराडीच्या फ्लॅटचं बुकिंगही मार्गी लागेल.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. घर विकायचं ठरलं, पैसे कुठे जाणार तेही ठरलं. आता आईबाबांना कुठे ठेवायचं एवढंच उरलंय. बाबांचं स्वतःचं म्हणणं पत्रात कुठेच नाही. आई तर फक्त सामानाबरोबर हलणार. तिची भिशी, भजनी मंडळ, ओळखीचे डॉक्टर सगळं इथे सुटणार. नव्या गावात बाबा कामावर गेले की तिने दिवसभर कोणाशी बोलायचं? दहावीच्या मुलावर सायन्स लादणारे पालक माझ्याकडे नेहमी येतात. इथे मुलगा बापाची शाखा ठरवतोय, इतकाच फरक.

आता नोकरीचं. अमुक गावात नोकऱ्या आहेत म्हणून तिकडे जायचं, हे पंचविशीत ठीक. साठीत काम येतं ते ओळखीतून. बाबांच्या अनुभवाला साजेसं काम म्हणजे कॉन्करंट ऑडिट, म्हणजे बँकेचे व्यवहार होत असतानाच सोबत चालणारी तपासणी. बँका त्यासाठी निवृत्त अधिकारी घेतात, सीए फर्मनाही कर्जाची फाइल वाचता येणारा माणूस हवा असतो. शिवाय १०० कोटी आणि त्यावर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१९च्या अखेरीस व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं. तिथे बँकिंग कळणारी माणसं लागतात. कल्याण-डोंबिवलीत सहकारी बँका आणि पतसंस्था काय कमी आहेत? बाबांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज कुठे कुठे मॅनेजर असतील, ती त्यांचा फोन उचलतील. रत्नागिरीत बाबा म्हणजे वरच्या मजल्यावरचे नवे काका. बाबा फाउंड्रीत किंवा टूलरूममध्ये मुरलेले असते, तर मीच कोल्हापूरची शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा नाशिकचं सातपूर, अंबड सुचवलं असतं. पण ते बँकेतले आहेत.

केंद्र सरकारचं ‘सेक्रेड’ हे नोकरीचं पोर्टल २०२१पासून साठीपुढच्यांसाठीच आहे. नाव नोंदवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. काम धरण्याआधी बँकेची परवानगी लागते का, हे पेन्शनच्या नियमांत बाबांनाच बघू द्या. फंड हातात आला की आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तिची मर्यादा ३० लाख आहे आणि मुदत पाच वर्षांची. तेवढे पैसे तरी बुकिंगपासून लांब राहतील.

दोघांनाच मनापासून गाव बदलायचं असेल, तर जरूर बदला. मात्र आधी भाड्याने राहा आणि डोंबिवलीचं घर लीव्ह अँड लायसन्सवर द्या. रत्नागिरी असेल तर जून ते सप्टेंबर तिथे काढल्याशिवाय काही ठरवू नका. कोकण मे महिन्यात सगळ्यांनाच आवडतं.

आणि खराडीचा हप्ता तुमच्या पगारात बसत नसेल, तर ते बुकिंग सोडा. रद्द केल्यावर बिल्डर किती रक्कम कापेल, ते करारात आजच वाचा.